स्टॅटला स्कोप काय, असं विचारणाऱ्या आईबाबांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरबरोबर बारावीनंतरच्या करिअरची पुरवणी आली ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कारण आमच्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा ती हातात घेऊनच माझ्याकडे आला होता. बरोबर त्याची आई. मुलाला बीएस्सीला स्टॅट, म्हणजे संख्याशास्त्र, घ्यायचंय, गणितात मार्क चांगले आहेत, आणि घरात त्यावरून आठ दिवस वाद चाललाय. "काकू, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना, मग तुम्हीच सांगा, स्टॅटला स्कोप काय?" असं त्याच्या आईनं विचारलं. पुरवणीत संख्याशास्त्राला शेवटच्या पानावर तळाला चार ओळी होत्या, आकडेमोडीची आवड असेल तर हाही एक पर्याय असं काहीसं, आणि शेजारच्याच चौकटीत लिहिलेलं की आता आकडेमोड सगळी एआय करणार. दोन्ही एकापाठोपाठ वाचलं की कुठल्याही बापाला वाटणारच, पोराला आपण विहिरीत ढकलतोय.

त्या दोघांशी मी तास-दीड तास बोलले. नंतर वाटलं पुण्यात या दिवसांत किती घरांत हेच चाललं असेल, तर पत्रच लिहावं. मोठं झालंय, पण कापायचंच असेल तर नोकऱ्यांचा भाग कापा, कामाचा भाग ठेवा ही विनंती. कारण या कामात नक्की करायचं काय असतं हेच कुणी सांगत नाही.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करते. अण्णा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आली की पीक किती आलं याचा अंदाज काढायला पीक कापणी प्रयोग असायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागं लागून शेतावर जायचे. कुठल्या गटातल्या शेतात जायचं हे अण्णा ठरवत नसत, ते चिठ्ठ्या टाकल्यासारख्या आकड्यांच्या तक्त्यातून निघून यायचं. शेतात गेलं की नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तक्त्यात असतील तितकी पावलं लांबीच्या बाजूनं, तितकी रुंदीच्या बाजूनं, आणि जिथं पोचू तिथं खुंटी. मग दोरी धरून १० मीटर बाय ५ मीटरचा आयत आखायचा, त्यातली ज्वारी कापायची, मळायची, वजन करायचं, लिहायचं. मी दोरीचं एक टोक धरायची. शेतकरी हमखास म्हणायचा, "भाऊसाहेब, हितं कुठं घेताय, तिकडं या की, तिकडं पाणीच पोचलं न्हाई" कारण पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशाच्या खाली आली तर दुष्काळाच्या सवलती मिळतात हे त्याला माहीत, आणि त्याचंही काही चूक नव्हतं, बिचाऱ्याचं खरंच एका बाजूचं पीक जळालेलं असायचं. अण्णा एवढंच म्हणायचे, "आकडा निघालाय तिथंच." आणि दोरीवर ज्वारीचं एखादं ताट, म्हणजे रोप, आलं, अर्धं आत अर्धं बाहेर, तर खाली वाकून बघायचे, मूळ आत असेल तर आत धरायचे, बाहेर असेल तर सोडून द्यायचे. मला ते वाकून बघणं अजून डोळ्यासमोर दिसतं.

पुढं मी पुण्याला शिकायला आले आणि सॅम्पलिंगच्या, म्हणजे नमुना कसा निवडायचा याच्या, तासाला सरांनी पां. वा. सुखात्म्यांचं नाव घेतलं. खटाव तालुक्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा, फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनला जाऊन डॉक्टरेट घेतलेले. १९४० नंतरच्या दशकात देशात धान्य किती पिकतं हे कसं मोजायचं यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिसांचा मोठा वाद झाला होता. महालनोबिस म्हणजे कोलकात्याला १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढणारे, ज्यांच्या वाढदिवसाला, २९ जूनला, आपण सांख्यिकी दिन पाळतो. त्यांचा भर छोट्या गोल तुकड्यांवर आणि त्यासाठी वेगळी माणसं नेमण्यावर होता, सुखात्म्यांचं म्हणणं तुकडा मोठा घ्या आणि गावात आधीपासून असलेल्या महसूल-शेती खात्याच्या माणसांकडूनच काम करून घ्या. मोठा कशासाठी? तर तुकडा जितका छोटा तितकी क्षेत्रफळाच्या मानानं त्याला कड जास्त, आणि कापणारा माणूस कडेवरचं ताट नकळत आत ओढतो, त्यामुळं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. मी तेव्हा वहीच्या कोपऱ्यात हिशोब केलेला आठवतोय, एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते, आणि १० बाय ५ ला फक्त ६० सेंटिमीटर. सुखात्म्यांचा तुकडा होता एकराचा ऐंशीवा भाग, ३३ फूट बाय साडेसोळा फूट. म्हणजे जवळपास १० बाय ५ मीटरच. म्हणजे मी लहानपणी धरलेली ती दोरी! आणि अण्णा वाकून जे बघायचे त्याच्यावर लंडन-दिल्लीत लोक भांडले होते, पेपर लिहिले होते. त्या दिवशी मी ठरवलं की हेच करायचं. सुखात्मे पुढं १९५१ ला रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले, तिथं सांख्यिकीचे प्रमुख होते, नंतर पुण्यात परत येऊन शेवटपर्यंत इथंच राहिले, १९९७ ला गेले. तरी पुण्यातल्या किती मुलांना त्यांचं नाव माहीत आहे?

तर सांगायचा मुद्दा, संख्याशास्त्रज्ञाचं काम त्या दोरीपासून सुरू होतं. हा आकडा आला कुठून, तो घेताना कोण कुठं उभं होतं, त्याला कुणी तिकडं बोलावलं का, आणि कडेवरच्या ताटाचं काय केलं. बेरीज-भागाकार त्यानंतर येतात आणि खरं सांगते ते सगळ्यात सोपे असतात.

माझी पहिली नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात, क्वालिटीला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तेव्हा आम्ही कॉलेजात हँडल फिरवून आकडेमोड करायच्या फॅसिट मशिनवर शिकून आलेलो, कारखान्यात कॅल्क्युलेटर मिळाला तेव्हा श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. काम कंट्रोल चार्टचं. हे तंत्र शूहार्ट नावाच्या माणसानं १९२४ साली अमेरिकेत टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीत काढलं. दर तासाला मशिनवरून पाच नग घ्यायचे, मोजायचे, त्यांची सरासरी आणि त्यांच्यातल्या मोठ्या-छोट्याचा फरक आलेखावर टाकायचा. वर एक रेघ, खाली एक रेघ, मशिन ठीक चाललं असेल तर १०,००० वेळेला साधारण २७ वेळाच ठिपका रेघेबाहेर जातो, त्यामुळं बाहेर गेला की मशिन थांबवून बघायचं. एका लेथवर शाफ्ट व्हायचे, त्याचा चार्ट इतका सुंदर होता की ऑफिसात भिंतीवर लावलेला. ठिपके मधल्या रेघेला चिकटून, फरक जवळजवळ शून्य, दिवसेंदिवस. मला ते बघून झोप लागेना, कारण लोखंड कापणारं कुठलंही मशिन इतकं एकसारखं चालत नाही, पात्याची धार झिजते, दुपारी शेड तापते, काहीतरी हलतंच. मी सेकंड शिफ्टला जाऊन थांबले. तिथला ऑपरेटर, वयानं मोठा माणूस, आधी काही बोलेना, मग म्हणाला ताई मायक्रोमीटर, म्हणजे शाफ्टची जाडी मोजायचं साधन, कपाटात आहे, किल्ली सुपरवायझरकडं, सुपरवायझर संध्याकाळच्या आत येत नाहीत, आणि शीट तर दर तासाला भरायची आहे, मग मी कालचे आकडे थोडे इकडंतिकडं करून लिहितो.

त्याला मी काय बोलणार? त्यानं जे केलं ते कुणीही केलं असतं. मी वर जाऊन भांडून त्याच्या मशिनशेजारी एक मायक्रोमीटर ठेवायला लावला, त्याच्यावर काही कारवाई होऊ दिली नाही, आणि पंधरा दिवसांत तो सुंदर चार्ट पार विस्कटला, ठिपके वर चढत चढत जायचे आणि पाते बदललं की धपकन खाली. मॅनेजर मला म्हणाले चांगला चार्ट बिघडवलास. पण त्या चढावरूनच कळलं की पातं किती तासांनी बदलायचं, आणि तेव्हापासून त्या मशिनचा माल परत येणं कमी झालं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी हीच गोष्ट सांगितली. एआय तो चार्ट वाचून सांगेल प्रोसेस उत्तम आहे म्हणून. कपाटाची किल्ली कुणाकडं आहे हे विचारायला खाली शेडमध्येच जावं लागतं.

नंतरची वीसेक वर्षं माझी औषधांच्या चाचण्यांमध्ये गेली, ज्याला बायोस्टॅट म्हणतात. पुण्यात आज या कामाच्या भरपूर जागा आहेत, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाहेरून आयटीसारखंच दिसतं, आत वेगळं काम. डॉक्टर यायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, किती पेशंट घेऊ?" मी उलटा प्रश्न विचारायची, की डॉक्टर, नव्या औषधानं किती फरक पडला तर तुम्ही तुमच्या पेशंटला ते लिहून द्याल? यावर बरेच जण गप्प व्हायचे कारण हा विचारच केलेला नसायचा. आणि आकडा ठरतो त्याच्यावर. समजा दोन पेशंटमध्ये एरवीच जितका चढउतार असतो त्याच्या निम्मा फरक औषधानं पडेल असं धरलं, तर नेहमीच्या नियमानं एका गटात ६३-६४ पेशंट पुरतात. पण फरक त्याच्याही निम्माच पडणार असेल तर पेशंट दुप्पट लागत नाहीत, चौपट लागतात, २५० च्या वर. फरक निम्मा, माणसं चौपट. हे नीट केलं नाही तर शंभर माणसांना सुया टोचून शेवटी हाती काहीच लागत नाही, आणि त्या शंभर माणसांनी आपल्यावर विश्वास ठेवून हात पुढं केलेला असतो, म्हणून मला हे गणित नेहमी फार जबाबदारीचं वाटत आलं.

दुसरं, चाचणीचे आकडे बघायच्या आधी आपण काय काय तपासणार, कसं तपासणार, कुणाला धरणार कुणाला वगळणार, हे सगळं लिहून सही करून ठेवायचं असतं. तोपर्यंत कुठल्या पेशंटला खरं औषध आणि कुणाला दुसरं हे आपल्यालाही माहीत नसतं. सगळा डेटा तपासून, प्रश्न मिटवून, डेटाबेसला कुलूप लागलं की मग कुणाला कुठलं औषध याची यादी उघडते. या कामातल्या लोकांना विचारा, त्या दिवशी सगळ्यांच्या पोटात गोळा असतो. एकदा यादी उघडल्यावर निकाल थोडक्यात हुकला होता, आणि वरून फोन आला की हे ११ पेशंट तसेही नीट गोळ्या घेत नव्हते, यांना काढून परत रन करा. मी म्हटलं आधी लिहिलंय त्यात सगळ्यांना धरायचं लिहिलंय, काढायचं असेल तर रिपोर्टमध्ये लिहा की निकाल बघून मग काढले. दोन महिने फार वाईट गेले, पुढचा प्रोजेक्ट मला दिला नाही. पेशंट मात्र निघाले नाहीत. तुमच्या मुलाला हे करिअर घ्यायचं असेल तर असा फोन कधी ना कधी येणार हे त्याला आजच सांगून ठेवा, आणि "नाही" म्हणता यावं म्हणून विषय पक्का पाहिजे, कारण नुसत्या रागानं तिथं भागत नाही, त्यांना कारण पटवून द्यावं लागतं.

आणि जे येतच नाहीत त्यांचं काय? मराठवाड्यातल्या एका चाचणीत दिवाळीनंतर पेशंट गळायला लागले. बाहेरगावच्या टीमनं शेरा मारला "इंटरेस्ट नाही". मी तारखा लावून बघितल्या तर गळती दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात थांबत होती, आणि आपल्याकडं कुणालाही विचारा, हे ऊसतोडीचे महिने. माणसं पोट भरायला पश्चिम महाराष्ट्रात गेली होती, इंटरेस्टचा काय संबंध. राहिले ते ज्यांना घरी बसून चालत होतं ते, म्हणजे त्यातल्या त्यात बरं खाणारे-पिणारे, आणि नुसत्या त्यांच्यावर हिशोब केला असता तर औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसलं असतं. मग आमच्या फील्डच्या मुली साखर कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन तपासण्या करून आल्या, पहाटे फडावर जायच्या आधी. त्या मुलींचं नाव कुठल्याही पेपरात छापून आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

असाच एकदा वयाचा डेटा आला, जन्मतारखांचा आलेख काढला तर १ जूनला मनोरा. सोबत काम करणारा दिल्लीचा तरुण मुलगा म्हणाला मॅडम हा डेटा बनावट आहे, रिजेक्ट करू. मी त्याला सांगितलं अरे, आमच्याकडं एका पिढीची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठरवलीय, १ जून, माझ्या दोन मामांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. वय वर्षं ३०, ३५, ४० ला पण असेच ढीग लागतात, लोक गोल आकडा सांगतात. खोटेपणा नसतो त्यात. पण सॉफ्टवेअरला आणि दिल्लीच्या मुलाला ते कळणार कसं? कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ माझा या असल्याच गोष्टींत गेला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात कामाचा वेळ होता.

आता थोडं तुमच्या पेपरबद्दल, म्हणजे सगळ्याच पेपरांबद्दल, रागावू नका. शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो, सॅम्पलिंग म्हणजे तेच. हजार लोकांना नीट चिठ्ठ्या टाकून निवडून विचारलं तर टक्केवारी साधारण तीनेक टक्के इकडंतिकडं एवढ्या अचूकतेनं कळते, मग ते हजार लोक पुण्याचे असोत की अख्ख्या महाराष्ट्राचे, पातेलं केवढं याला फारसं महत्त्व नाही. पण शीत वरचंच उचललं आणि खाली भात लागलाय, तर ते एक शीत काय सांगणार? २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या कोविडच्या सिरो सर्वेचा निकाल आला, पाच प्रभागांतले १,६६४ नमुने, ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी. काम चांगलं झालं होतं, विद्यापीठ, आयसर सगळे त्यात होते, आणि त्यांनी पाच प्रभाग म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. पण व्हॉट्सअॅपवर दुपारपर्यंत "अर्ध्या पुण्याला होऊन गेला" असं फिरायला लागलं, मला नातेवाईकांचे फोन, मग आता मास्क कशाला. ते पाच प्रभाग निवडले होतेच मुळी जिथं पेशंट जास्त होते म्हणून! आणि त्या पाचांतसुद्धा एका ठिकाणी ३६ टक्के तर दुसरीकडं ६५. कोथरूडबद्दल, वारज्याबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं. तीन शब्द, "या पाच प्रभागांत", एवढे हेडलाइनमध्ये राहिले असते तर बरं झालं असतं.

एचआयव्हीचं तसंच. २००६ ला देशात ५७ लाख लोकांना लागण असल्याचा अंदाज होता, २००७ मध्ये तो २५ लाखांवर आला. निम्मे लोक कुठं गेले नव्हते आणि बरेही झाले नव्हते. आधीचे आकडे मुख्यतः ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांच्या रक्ततपासणीवरून काढलेले, नंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन लाखाच्या वर लोकांचं रक्त तपासलं तेव्हा खरं प्रमाण कळलं. दवाखान्यात जो येतो तो गावासारखा नसतो, एवढीच गोष्ट, पण तिच्यावर ३२ लाखांचा फरक पडला.

आणि भागिले कशानं ते पण बघा. पुणे शहराची मोजलेली लोकसंख्या अजून २०११ चीच आहे, ३१ लाख २४ हजार. त्यानंतर २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, शहर कुठल्या कुठं गेलं. दरडोई पाणी किती, लाखामागं अपघात किती, असं रोज छापून येतं तेव्हा खालचा आकडा कुठला घेतला ते कुणी लिहीत नाही, आणि वरचा आकडा कितीही नीट मोजला तरी खालचा जुना असेल तर उत्तर चुकणारच. आता १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेची जनगणना आहे, मोजायला येणारे बहुतेक शिक्षक असतील, उन्हातून येतील, त्यांना दारातून परत पाठवू नका एवढं तरी पहिल्या पानावर छापा. टक्केवारी छापताना किती लोकांना विचारलं, कुणी विचारलं, कसे निवडले, हे एका ओळीत द्या. जागा लागत नाही फार.

नोकऱ्यांचं पटकन सांगते. बीएस्सी स्टॅट पुण्यात फर्ग्युसनला, एसपी कॉलेजला होतं, पुढं एमएस्सीला विद्यापीठाचा विभाग आहे, आणि तयारी असेल तर कोलकात्याच्या आयएसआयची, म्हणजे महालनोबिसांच्या त्या इन्स्टिट्यूटची, प्रवेश परीक्षा द्यावी, अवघड आहे पण तिथं शिकताना विद्यार्थ्याला स्टायपेंड मिळतो. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस १९६१ पासून आहे, वेगळी परीक्षा असते, आयएएसच्या मागं लागलेल्या मुलांना तिचं नावही माहीत नसतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, दरवर्षी बजेटच्या वेळी जी आर्थिक पाहणी येते ती तेच लोक करतात. लोकसंख्येची आवड असेल तर मुंबईत देवनारला संस्था आहे. विमा कंपन्यांत जायचं असेल तर अॅक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्याच्या, परीक्षा, पण त्या वेगळ्या आणि लांबलचक. आणि हवामान खातं. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून रोज हजारो लोक जातात, ते नाव तिथं का आहे माहितीये? हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ ला सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून. ते सिमल्याला असताना गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती त्याचे प्रमुख होते, त्यांनी कारकुनांची फौज बसवून जगभरच्या हवेच्या दाबाचे आणि पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून बघितले, हातानं, आणि त्यातून पॅसिफिकवरच्या दाबाचा झोका सापडला जो आज एल निनोच्या बातम्यांत येतो. मॉन्सूनची बातमी आपण वाचतो तिच्या मुळाशी संख्याशास्त्रच आहे.

पगार आयटीएवढा सुरुवातीला नसेल, खोटं कशाला बोलू. माझं घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, याच कामावर. एआयची भीती मला तरी वाटत नाही, फॅसिटनंतर कॉम्प्युटर आला तेव्हाही आम्हाला हेच सांगितलं होतं, आणि उलट आकडे जितके जास्त आले तितके कुठून आले हे विचारणारे जास्त लागले. फक्त एक, मुलाला भाषा चांगली पाहिजे. सरपंचाला, ऑपरेटरला, डॉक्टरला, तिघांना तीन पद्धतीनं समजावता आलं पाहिजे. त्याकडं कॉलेजं लक्ष देत नाहीत आणि ते मला फार खटकतं.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी जाताना एक काम दिलं होतं. म्हटलं आईबाबांचं राहू दे, आधी तुला हे आवडतं का बघू, आपल्या सोसायटीला दिवसाला किती पाणी लागतं ते काढून आण. मला वाटलं तो चेअरमनकडून बिलं घेऊन भागाकार करून आणेल. काल रात्री साडेनऊला बेल वाजवली, हातात वही. म्हणाला काकू, टँकरच्या पावत्यांवर प्रत्येकी १०,००० लिटर लिहिलंय, पण टँकर येतो तेव्हा पूर्ण भरलेला असतो का हे कुणीच बघत नाही, वॉचमन काका म्हणाले पहाटेचा टँकर आला की ते झोपेत सही करतात, तर मी पावतीचा आकडा धरू की टाकीतली पातळी आधी-नंतर मोजू? आणि टाकी मोजायची तर रविवारी मोजू की मधल्या वारी, कारण रविवारी सगळे घरी असतात.

मी त्याला माझी जुनी मोजपट्टी दिली. त्याच्या बाबांना मी रविवारी चहाला बोलावलंय.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्रज्ञ, पुणे